कार्डावरचा 'शुद्ध' आधी खोडा

आमच्या विहाराच्या व्हॉट्सॲप गटावर मागच्या महिन्यात एक कार्ड फिरत आलं. वर तिरंगा, बाजूला हिरवा ठिपका. मजकूर असा: 'आम्ही शुद्ध शाकाहारी भारतीय आहोत. मांस शिजवलेल्या भांड्यात आमचे अन्न शिजवू नये. मांस हाताळणाऱ्याने आमच्या ताटाला हात लावू नये.' खाली व्हिएतनामी भाषांतर. हॉटेलात गेलं की वेटरला हे दाखवायचं.

निमित्त असं की दुसरबीड, सिंदखेडराजा आणि जालन्याकडची मिळून सहा कुटुंबं व्हिएतनामला जायची तयारी करत आहेत. मुंबईहून थेट विमानं सुरू झाल्यापासून आपल्या मध्यमवर्गाला हा देश परवडू लागला. बुद्धाच्या देशाला जातोय म्हणून सगळे खूश. आम्हीही खूश आहोत. पण कार्डाखाली अंगठे नि हात जोडलेल्या खुणा पडत गेल्या, तेव्हा आम्ही मोजून पाहिलं. या सहापैकी पाच घरांत मटण-मासे शिजतात. मग 'आम्ही शुद्ध शाकाहारी' म्हणणारे हे 'आम्ही' कोण?

एका ताईने खाली साधा प्रश्न टाकला होता. तिच्या नऊ वर्षांच्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. चुकून कूट पोटात गेलं तरी ओठ सुजतात, श्वास अडकतो. तिने विचारलं, 'यात शेंगदाण्याचं कुठं लिहिलंय?' दोन दिवस कुणी उत्तर दिलं नाही.

आमच्या भांडणाचं कारण हे आहे. कार्डात भांड्याच्या विटाळाला तीन वाक्यं आहेत, लेकराच्या जिवाला एकही नाही.

'शुद्ध' हा शब्द आमच्या जुन्या ओळखीचा आहे. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायलं आणि त्यानंतर सवर्णांनी शेण-गोमूत्र ओतून तळं 'शुद्ध' केलं. 2023 च्या जुलैत आयआयटी मुंबईच्या वसतिगृहाच्या मेसमध्ये 'इथे फक्त शाकाहारींनी बसावे' अशा पाट्या लागल्या. पुढे वेगळ्या टेबलांना विरोध केला म्हणून विद्यार्थ्याला दहा हजारांचा दंड झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात राज्य सरकारने शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं आणि 2025 च्या जानेवारीत त्याचा निधी काढून घेतला. अंडं हवं तर लोकवर्गणीतून द्या म्हणे! जिल्हा परिषदेच्या शाळेत कुणाची लेकरं जातात, हे दुसरबीडमध्ये कुणाला सांगायला नको. एका शब्दाने टेबल वेगळं होतं, लेकराच्या ताटातलं अंडं जातं, भाड्याची खोली मिळत नाही. तोच शब्द आपण भाषांतर करून परदेशात न्यायचा?

समाजशास्त्रात याला नाव आहे. एम. एन. श्रीनिवास यांनी 1952 मध्ये कूर्गांवरच्या पुस्तकात संस्कृतीकरणाची कल्पना मांडली. खालच्या मानलेल्या जाती वर चढण्यासाठी वरच्यांच्या चालीरीती उचलतात, त्यात मांस-दारू सोडणंही येतं. ऑफिसात डबा उघडताना 'मी व्हेज' म्हणणारे आपले कितीतरी भाऊ आम्हाला माहीत आहेत. पोटासाठी, खोलीसाठी खोटं बोलावं लागतं, त्याचा दोष त्यांच्यावर टाकणार नाही. पण हनोईत कोण घरमालक बसलाय? तिथे कुणाला भ्यायचं?

काही जण म्हणतील, अहो, बौद्ध म्हणजे शाकाहारीच. हे कुठे लिहिलंय? भिक्खूंनी मांस-मासे खाऊच नयेत हा नियम देवदत्ताने मागितला होता आणि बुद्धाने तो नाकारला. आपल्यासाठी मारलेलं पाहिलं, ऐकलं किंवा तशी शंका आली तर ते भिक्खूने घेऊ नये, एवढीच अट होती. बाबासाहेबांनी 'द बुद्ध अँड हिज धम्म'मध्ये मारण्याची गरज आणि मारण्याची हौस यांत फरक केला. ज्याला मांस सोडायचंय त्याने खुशाल सोडावं. आमच्यातही आहेत तसे. ते शेजारच्याच्या ताटाकडे नाक मुरडत नाहीत.

आता व्हिएतनामकडे या. तिथे शाकाहाराला 'चाय' म्हणतात. (आपला चहा नव्हे, हसू नका.) शब्द चिनीतून आलेला, उपोसथाच्या व्रताशी जोडलेला. तिथले महायानी भिक्खू बारमाही चाय जेवतात, कांदा-लसूणही टाळतात. उपासक-उपासिका बहुधा चांद्र महिन्याच्या पहिल्या नि पंधराव्या दिवशी. 'बघा, तिथेही कांदा-लसूण नाही!' म्हणून कुणी उड्या मारू नयेत. तिथे चाय हे व्रत आहे, जन्म नाही. आज चाय जेवलेली बाई उद्या गोमांसाचा फो खाते आणि तिची जात बदलत नाही. 'थुअन चाय' असाही शब्द आहे, म्हणजे दूध-अंडंही नको. तो पदार्थाबद्दल बोलतो, वाढणाऱ्याच्या हाताबद्दल नाही. थिक न्यात हान यांनी 2007 मध्ये आपल्या संघासाठी दूध-अंडी बंद केली, ती पृथ्वीची नि प्राण्यांची काळजी म्हणून. आणि याच देशात 1963 मध्ये बुद्धजयंतीला आपला पंचरंगी धम्मध्वज फडकवायला सरकारने बंदी घातली होती. त्या राजवटीच्या विरोधात 11 जूनला थिक क्वांग डुक यांनी सायगावच्या चौकात स्वतःला जाळून घेतलं. अशा लोकांपुढे आपण 'आमच्या ताटाला हात लावू नका' असं कार्ड धरणार!

कामाचं बोलू. ज्याला खरंच मांस-मासे नकोत त्याने 'तोय आन चाय' म्हणावं, मी चाय खातो. शक्यतो 'चाय' पाटीच्या हॉटेलातच जावं. कारण साध्या हॉटेलात मांसाचे तुकडे काढून दिले तरी फोचा रस्सा हाडांचाच असतो आणि मासळीपासून केलेलं 'नुअक माम' जिथे-तिथे पडतं. नको असेल तर 'खोंग नुअक माम'.

पण ॲलर्जीवाल्याने चायच्या पाटीवर विसंबू नये. मांसाच्या जागी तिथे सोयाबीन, टोफू, गव्हाचं ग्लुटेन येतं आणि वरून भाजलेल्या शेंगदाण्यांचा चुरा. म्हणजे ताईच्या लेकराला चायचं ताट माशाच्या ताटापेक्षा जास्त धोक्याचं ठरू शकतं! शाकाहारी म्हणजे सुरक्षित, हे समीकरण कुणी डोक्यात घातलं? ज्यांना 'शुद्ध'पलीकडे काही दिसत नाही त्यांनीच. शेंगदाण्याला दक्षिणेत 'दाउ फोंग' म्हणतात, उत्तरेत 'लाक'. कार्डावर दोन्ही हवेत. ॲलर्जीला 'यी उंग', उत्तरेत 'झी उंग'. व्हिएतनामीत सूर बदलला की अर्थ बदलतो, म्हणून तोंडी भरवसा ठेवू नका, त्यांच्या लिपीत लिहिलेलं दाखवा. चटणीत आहे का, तेलात आहे का, तोच चमचा वापरला का, हे वेगवेगळं विचारा. आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध पाठीवरच्या पिशवीत ठेवा, हॉटेलच्या खोलीत नको.

चमच्याचं विचारणं म्हणजे विटाळ पाळणं नव्हे का, असं एकाने खवचटपणे विचारलं. नाही दादा. त्या चमच्याला लागलेल्या कुटाने पोराचा श्वास कोंडतो. तुमच्या कार्डातल्या भांड्याने कुणाचा कोंडतो ते सांगा.

आम्ही तीन ओळींचं नवं कार्ड केलं आहे. पहिल्या ओळीत शेंगदाणा, दोन्ही नावांनी. दुसरीत 'हे खाल्लं तर मुलाचा जीव जाऊ शकतो.' तिसरीत 'कृपया स्वयंपाक करणाऱ्यांना विचारा, आभारी आहोत.' व्हिएतनामी जाणणाऱ्याकडून ते तपासून घेतोय. रविवारी वंदनेनंतर विहारात छापील प्रती मिळतील. सोयाबीन, कोळंबी, अंडं, ज्याचं जे असेल ते शनिवारपर्यंत कळवा. जुनं कार्ड ज्यांनी पुढे पाठवलंय, त्यांनी त्याच गटांवर हेही पाठवावं.

जय भीम!