मुसके तांबडे असले तरी मुसकेच

मळणीच्या बैलाच्या तोंडाला मुसके बांधतात ते त्याने खळ्यात राबत राहावे, पण पायाखालच्या धान्याला तोंड लावू नये म्हणून. बैलाला या व्यवस्थेचे कारण सांगावे लागत नाही. माणसाला सांगावे लागते. म्हणूनच नागरिकाचे तोंड बांधणारी प्रत्येक सत्ता एखादे उदात्त कारण पुढे करते: कधी राष्ट्राची सुरक्षितता, कधी धर्माची प्रतिष्ठा, कधी सामाजिक शांतता, तर कधी क्रांतीचे रक्षण. यांपैकी शेवटचे कारण डाव्या चळवळीतील माणसाला सर्वांत अधिक भुरळ घालते, आणि म्हणूनच त्याची सर्वांत कठोर चिकित्सा डाव्या चळवळीनेच केली पाहिजे. चिनी लेखिका फांग फांग यांच्या रोजनिशीचे जे झाले, त्याची आठवण त्यासाठी पुनःपुन्हा जागवणे आवश्यक आहे.

फांग फांग या कोणी परकीय हस्तक नव्हेत. १९५५ साली जन्मलेल्या या लेखिकेने तारुण्यात चार वर्षे हमाली करून घर चालवले आणि मग विद्यापीठाची पायरी चढली. वुहान शहरातील कष्टकऱ्यांचे दारिद्र्य त्यांनी कथा-कादंबऱ्यांतून मांडले. हुबेई प्रांताच्या सरकारमान्य लेखक संघाच्या त्या अनेक वर्षे अध्यक्षा होत्या. २०१६ साली निघालेल्या त्यांच्या एका कादंबरीत जमीनसुधारणेच्या काळातील हिंसेचा विषय होता. तिला २०१७ मध्ये मानाचा साहित्यपुरस्कार मिळाला, आणि त्यानंतर ‘जमीनदारांची वकिली’ असा शिक्का मारून ती दुकानांतून नाहीशी करण्यात आली.

२३ जानेवारी २०२० रोजी १ कोटी १० लाख वस्तीचे वुहान शहर महामारीमुळे कुलूपबंद झाले. दोनच दिवसांनी, २५ जानेवारीला, फांग फांग यांनी इंटरनेटवर रोजनिशी लिहावयास आरंभ केला. साठ नोंदी त्यांनी लिहिल्या. त्यांत होते तरी काय? रुग्णालयात खाट न मिळालेली माणसे, निरोप न घेता गेलेले परिचित, घरात कोंडलेल्या शहराची घालमेल, आणि एकच आग्रही मागणी: ज्यांनी आरंभीचे दिवस वाया घालवले त्या अधिकाऱ्यांना जाब विचारला जावा. राज्य उलथून टाकण्याची भाषा त्यांत नव्हती. तरीही सत्तेने त्यांचे वेइबोवरील खाते मध्यंतरी बंद पाडले. दुसऱ्या एका लेखिकेच्या मदतीने नोंदी प्रसिद्ध होऊ लागल्या, तर त्याही पुसल्या जाऊ लागल्या. वाचक रात्री उशिरापर्यंत जागून नवी नोंद पुसली जाण्याआधी वाचीत आणि एकमेकांना पाठवीत.

रोजनिशीचा इंग्रजी व जर्मन अनुवाद निघणार असल्याचे जाहीर होताच स्वयंघोषित देशभक्तांचे मोहोळ उठले. परक्यांच्या हाती सुरा दिल्याचा आरोप झाला. सांस्कृतिक क्रांतीच्या काळाची याद देणारे मोठ्या अक्षरांचे भित्तिपत्रक त्यांच्याविरुद्ध वुहानमध्ये झळकले. त्यांच्या समर्थनार्थ बोलणाऱ्या हुबेई विद्यापीठातील एका प्राध्यापिकेवर जून २०२० मध्ये पक्षशिस्तीची कारवाई होऊन तिला शिकवण्यापासून दूर करण्यात आले. ज्या देशाच्या संविधानाचे पस्तिसावे कलम भाषण व मुद्रणाच्या स्वातंत्र्याची ग्वाही देते, त्या देशात हे घडले.

येथे एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. भाकरी आधी, भाषण नंतर; कोट्यवधी लोकांना दारिद्र्यातून वर काढणाऱ्या राज्याने एखाद्या लेखिकेचे चार परिच्छेद पुसले तर काय बिघडले? काय बिघडले, याचे उत्तर वुहाननेच दिले आहे. ३० डिसेंबर २०१९ रोजी डॉ. ली वेनलियांग यांनी आपल्या सहाध्यायी डॉक्टरांना रुग्णालयातील संशयास्पद रुग्णांविषयी इंटरनेटवरील खासगी गटात सावध केले. १ जानेवारीला वुहानच्या पोलिसांनी अफवा पसरवल्याबद्दल आठ जणांवर कारवाई केल्याचे जाहीर केले, आणि सरकारी दूरचित्रवाणीने ती वार्ता देशभर पोचवली. ३ जानेवारीला डॉ. ली यांना पोलीस ठाण्यात बोलावून समजपत्रावर सही करावयास लावली. ते कामावर परतले, त्याच रोगाने पछाडले गेले आणि ७ फेब्रुवारीला मरण पावले. त्या रात्री भाषणस्वातंत्र्य हवे अशी मागणी वेइबोवर वणव्यासारखी पसरली आणि काही तासांत पुसली गेली. पुढे मार्चमध्ये ते समजपत्र मागे घेण्यात आले, एप्रिलमध्ये डॉ. ली यांना हुतात्मा ठरवण्यात आले. जिवंतपणी अफवाखोर आणि मेल्यावर हुतात्मा! सत्य सांगणाऱ्याला मरणानंतरच मान्यता देणाऱ्या राज्याला समाजवादी म्हणावयाचे असेल, तर समाजवाद या शब्दाचा अर्थच बदलावा लागेल.

डॉक्टरचे तोंड बांधले तेव्हा साथ थांबली नाही, केवळ साथीची बातमी थांबली. आणि बातमी थांबल्याची किंमत कोणी मोजली? ज्यांना शहर सोडून जाण्याची ऐपत नव्हती, रुग्णालयात ज्यांची ओळख नव्हती, त्यांनी प्रथम मोजली. अमर्त्य सेन यांनी फार पूर्वी दाखवून दिले आहे की, १९५८ ते १९६१ या काळात चीनमध्ये कोट्यवधी माणसे दुष्काळात बळी पडली, त्याचे एक मोठे कारण सरकारला खरी परिस्थिती सांगणारे स्वतंत्र वृत्तपत्र व विरोधी पक्ष तेथे नव्हते. भाकरी आणि भाषण यांत निवड करावयाची नसते. भाकरी हिरावली जात असेल तेव्हा ओरडता यावे, यासाठीच भाषणाचे स्वातंत्र्य लागते. उपाशी माणसाला ते पोट भरलेल्याहून अधिक लागते.

मग हे मुसके नेमके कोणाच्या तोंडाला बसते? जुलै २०१८ मध्ये शेनझेन येथील जेसिक टेक्नॉलॉजी या कारखान्यातील कामगारांनी स्वतःची संघटना उभारण्याचा प्रयत्न केला. त्यांच्यापैकी काहींना कामावरून काढण्यात आले, काहींना अटक झाली. पीकिंग आणि इतर विद्यापीठांतील मार्क्सवादी विद्यार्थी कामगारांच्या पाठीशी उभे राहिले. त्यांच्या हाती माओचे चित्र होते आणि ओठी मार्क्सची भाषा. ऑगस्टमध्ये पोलिसांनी त्यांच्या मुक्कामावर धाड घालून सुमारे पन्नास जणांना उचलले. त्यांत इंटरनेटवरील खुल्या पत्रांमुळे गाजलेली यूए शिन ही तरुणीही होती. त्यांची पत्रके आणि आवाहने इंटरनेटवरून काढून टाकण्यात आली. कम्युनिस्ट पक्षाच्या राज्यात मार्क्सवाद्यांना कामगार संघटना मागता येत नाही आणि तसे मागितल्याचे सांगताही येत नाही, हे पाहिल्यावर त्या सेन्सॉरशिपचा वर्ग कोणता, याविषयी शंका उरू नये. ती मालकाच्या बाजूची सेन्सॉरशिप आहे.

या व्यवहारात पाश्चात्त्य भांडवलाचे हातही स्वच्छ नाहीत. बाजारपेठ खुली झाली की स्वातंत्र्य मागोमाग येते, असे गोडवे गाणाऱ्यांनी शी ताओ या पत्रकाराचे प्रकरण आठवावे. तिआनानमेन हत्याकांडाच्या पंधराव्या स्मृतिदिनी वृत्तपत्रांनी कसे वागावे, याविषयीचा सरकारी आदेश त्याने २००४ साली याहू कंपनीच्या ई-मेलद्वारे परदेशी पाठवला. कंपनीने त्याची माहिती चिनी अधिकाऱ्यांच्या हवाली केली आणि २००५ साली त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. नोव्हेंबर २००७ मध्ये अमेरिकी काँग्रेससमोर कंपनीच्या प्रमुखाला शी ताओच्या आईची क्षमा मागावी लागली. गुगलने २००६ साली चीनसाठी स्वतःच चाळणी लावलेली शोधसेवा सुरू केली आणि ती २०१० पर्यंत चालवली. नफा आणि दंडुका यांचे भांडण दिसते ते वरवरचे. कसोटीच्या वेळी दोघे एकाच ताटात जेवतात.

फांग फांगच्या बाजूने बोलणे म्हणजे साम्राज्यवाद्यांच्या हाती कोलीत देणे, अशी भीती काहींना वाटते. परदेशी वृत्तपत्रे त्या रोजनिशीचा आपापल्या हेतूंसाठी वापर करतील, हे खरेच आहे. पण कोलीत तयार कोण करतो? सत्य लिहिणारी बाई की सत्य पुसणारा अधिकारी? १९५६ साली सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये घुसले तेव्हा नेहरू सरकार शब्द चाचपडत होते. जयप्रकाश नारायण यांनी मात्र त्या आक्रमणाचा उघड निषेध केला, आणि त्यामुळे ते अमेरिकेच्या गोटात गेले नाहीत. ती परंपरा लोकशाही समाजवाद्यांची आहे आणि ती टाकून देण्याचा अधिकार कोणालाही नाही. खुद्द मार्क्सच्या लेखणीने पहिला वार केला तो १८४२ साली प्रशियाच्या सेन्सॉरशिपवर. पुढच्याच वर्षी त्याचे वृत्तपत्र बंद पाडण्यात आले. रोझा लुक्झेंबुर्गने १९१८ साली तुरुंगातून रशियन क्रांतीचे स्वागत करतानाच बजावले होते की, विरोधकाला मोकळीक नसेल तर स्वातंत्र्य उरतच नाही. पोथी पुढे करणाऱ्यांनी निदान पोथी तरी पुरती वाचावी.

ही कसोटी चीनला लावून घरी मात्र गुंडाळून ठेवणे हा दुसरा ढोंगीपणा होय, आणि तो उजव्या गोटात विपुल आढळतो. चीनमधील मुस्कटदाबीवर अश्रू ढाळणारे एप्रिल २०२१ मध्ये कोठे होते? प्राणवायूअभावी भारतात माणसे तडफडत असताना केंद्र सरकारने ट्विटरला महामारीच्या हाताळणीवर टीका करणारा मजकूर काढावयास लावला. त्यात लोकप्रतिनिधींचा मजकूरही होता. शेवटी ३० एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की, मदतीसाठी टाहो फोडणाऱ्या नागरिकाची मुस्कटदाबी खपवून घेतली जाणार नाही. वुहान आणि दिल्ली यांतील फरक या न्यायालयात आहे, सत्ताधीशांच्या वृत्तीत नाही.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. त्याला निमित्त झाले होते पालघरमधील दोन तरुणींच्या अटकेचे. एका साध्या फेसबुक नोंदीपायी २०१२ साली ती झाली होती. परंतु त्याच निकालात कलम ६९-अ कायम राहिले, आणि त्याखालील २००९ च्या नियमांतील सोळावा नियम बंदीची सारी प्रक्रिया गोपनीय ठेवावयास सांगतो. आपला मजकूर कोणी, का बंद केला, हे लेखकालाच कळू नये! सरकारविषयक बातमी खरी की खोटी, हे सरकारनेच ठरवण्याचा घाट तर मुंबई उच्च न्यायालयाला सप्टेंबर २०२४ मध्ये मोडून काढावा लागला. फेब्रुवारी २०२५ मध्ये एका व्यंगचित्रावरून ‘आनंद विकटन’ या तमिळ साप्ताहिकाचे संकेतस्थळच रोखण्यात आले.

आणीबाणीत सेन्सॉर अधिकारी कार्यालयात बसून कागदावर काट मारी. त्याचा चेहरा दिसत असे आणि त्याच्याशी भांडता येत असे. १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गा भागवत उभ्या राहिल्या, तेव्हा समोर कोण आहे, हे त्यांना आणि महाराष्ट्राला ठाऊक होते. आजची काट दिसत नाही. मजकूर नुसता नाहीसा होतो, आणि वाचकाला तो कधी होता याचाही पत्ता लागत नाही. शत्रू अदृश्य झाला म्हणून लढा सोपा होत नाही. त्याला आधी उजेडात ओढून आणावे लागते.

म्हणून समाजवादी कार्यकर्त्यांपुढील काम स्पष्ट आहे. बंदीचा प्रत्येक आदेश सकारण, लेखी व प्रसिद्ध असावा, ज्याचा मजकूर रोखला त्याला आधी ऐकून घेतले जावे, आणि गोपनीयतेचा सोळावा नियम रद्द व्हावा, ही मागणी पक्षाच्या प्रत्येक व्यासपीठावरून झाली पाहिजे. विद्यार्थी आणि कामगार यांच्या संघटनांनी ती स्वतःची मानली पाहिजे, कारण उद्या संपाची हाक पुसली जाईल ती याच नियमाखाली. आणि ज्या सभेत ही मागणी होईल, त्याच सभेत फांग फांग यांचे, डॉ. ली यांचे आणि जेसिकच्या कामगारांचे नाव उच्चारण्याचे धैर्यही असले पाहिजे. दिल्लीच्या मुसक्याला विरोध आणि बीजिंगच्या मुसक्याला मौन, असा हिशेब जनतेला दिसतो. तो दिसला की दिल्लीविरुद्धच्या शब्दालाही वजन उरत नाही.