बोलतं कोण, लाटतं कोण?



रामदास पाध्ये म्हटलं की अर्धवटराव आठवतात. हा बोलका बाहुला त्यांचे वडील य. के. पाध्ये यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी रंगमंचावर आणला. १९६७ पासून रामदास यांनी शब्दभ्रमाची ही कला पुढे नेली. इंजिनिअरिंग शिकलेल्या या कलावंताने नवनवे बाहुले घडवले. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि ज्या बायांना घर सोडून नाट्यगृहात जाणं कधी जमलं नाही, त्यांच्याही घरात बोलक्या बाहुल्या आल्या. ‘झपाटलेला’ (१९९३) मधला तात्या विंचूही पाध्यांचाच.

मला बोलायचं आहे ते आवडाबाईंबद्दल, अर्धवटरावांच्या बायकोबद्दल. ती मुकी नाही. नवऱ्याला चार शब्द सुनावते आणि आपण सगळ्या हसतो. पण तिला वर्षानुवर्षं आवाज दिला तो पुरुषाने. बायको कशी कुरकुरते, कशी हटून बसते, हे पुरुषाने ठरवलं. पाध्यांच्या कलेला यात उणेपणा नाही. एकाच गळ्यातून दोन माणसं उभी करणं सोपं नव्हे. प्रश्न आपल्या सवयीचा आहे. बाईचं म्हणणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला आपण फार लवकर सरावतो.

याच पाध्यांचा ससा लिज्जत पापडाच्या जाहिरातीत आला आणि घरोघरी लाडका झाला. पापड म्हटला की लोकांना ससा आठवतो, लाटणारी बाई आठवत नाही. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात जणींनी उसन्या ऐंशी रुपयांवर हे काम सुरू केलं. इथे सभासद फक्त स्त्रिया, आणि त्या मजूर नाहीत, मालक आहेत. आमच्या वाशीशीही या पापडाचं नातं आहे: संस्थेचा उडीद-मुगाच्या पिठाचा विभाग इथलाच. गिरणीतून निघालेलं पीठ हजारो हातांखालून जातं. घरबसल्या कमाई होते, हे खरं. पण पोळपाटाशेजारचं मूल आणि चूलही तिच्याकडेच राहते, हेही तितकंच खरं. यातलं काहीच त्या अर्ध्या मिनिटाच्या जाहिरातीत मावत नाही.

अपर्णा पाध्ये यांचंही असंच. त्या स्वतः शब्दभ्रमकार, बाहुल्यांच्या कलावंत. तरी त्यांची ओळख करून देताना ‘रामदास पाध्यांच्या पत्नी’ हे शब्द आधी येतात. कितीतरी घरच्या धंद्यांत बाई कापते, शिवते, रंगवते, सामान बांधते, आणि पाटीवर नाव एकट्या पुरुषाचं लागतं. लोहार, कुंभार, विणकर, कोणतंही घर घ्या.

म्हणून गटांना माझं सांगणं आहे. बाहुली हे आपलंही हत्यार आहे. हुंड्यावर, दारूवर, रेशनवर जे बाईच्या तोंडून ऐकून घेतलं जात नाही, ते बाहुलीच्या तोंडून गर्दी ऐकते. जुने मोजे आणि चिंध्या एवढ्यावर ती उभी राहते. वस्तीतल्या बायांना तिची वाक्यं स्वतः रचू द्या. आपण शहाण्यांनी ती लिहून देऊ नयेत, नाहीतर आवडाबाईचा आवाज फक्त एका हातातून दुसऱ्या हातात जाईल. आणि कार्यक्रम संपल्यावर जिने शिवली, जिने नाचवली, जिने बोलली, त्या प्रत्येकीचं नाव मोठ्याने घ्या.