दुखण्याला दारू, दारूने दुखणं

यवतमाळ जिल्ह्यात आपल्या वस्तीतला मजूर पितो म्हटलं की दोन उत्तरं तयार असतात. जातीयवादी म्हणतो, "यांची जातच तशी." आपलाच कार्यकर्ता म्हणतो, "बाबासाहेबांनी २२ प्रतिज्ञा दिल्या, तरी हे सुधारत नाहीत." त्या मजुराच्या कमरेकडे दोघंही पाहत नाहीत.

पाठीवर फवारणीचा पंप, कापूस वेचताना दिवसभर वाकलेली कंबर. २०१७ मध्ये याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० च्या आसपास शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात गेले. तेव्हा सरकार हललं. रोजच्या दुखण्यासाठी कोण हलतं? डॉक्टरकडे जायचं तर मजुरी बुडते. दारू मात्र हाकेच्या अंतरावर मिळते.

दारू वेदना थोडा वेळ दाबते, हे खरं आहे. पण रोज प्यायलं की तेवढ्या घोटाने भागत नाही. झोप मोडते, हातापायांच्या नसा खराब होतात, तळपाय जळतात. उतरली की जुनं दुखणं आणखी जाणवतं. मग पुन्हा घोट. खर्र्याचंही तसंच. दाढेची कळ दबावी म्हणून गालात धरलेला खर्रा पुढे तोंडच उघडू देत नाही.

म्हणजे दुखणं व्यसन वाढवतं आणि व्यसन दुखणं वाढवतं. यातलं एकच टोक धरून चालणार नाही.

संविधानाचं कलम ४७ पाहा. दारूबंदीसाठी प्रयत्न करा, असं ते राज्याला सांगतं. पण त्याच कलमात पोषण, राहणीमान आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं प्राथमिक कर्तव्य म्हटलं आहे. बंदीची मागणी करताना आपण हा भाग विसरतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या व्यसनातून येणारा मानसिक आजारही धरला आहे. त्यावर सरकारी उपचार मिळणं हा हक्क आहे, उपकार नव्हे.

पाचवं शील आम्हाला प्राणप्रिय आहे. पण दुःखाचं कारण शोधा, हेही बुद्धानेच शिकवलं. म्हणून व्यसनमुक्तीच्या शिबिरात शपथ देण्याआधी विचारा, "दादा, दुखतं कुठं?" रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली तर झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. त्याला आधी दवाखान्यात न्या. तिथे व्यसनाचा आणि कमरेचा, दोन्ही उपचार मागा. नाही मिळाले तर ग्रामसभेत ठराव घ्या, जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन द्या, आंदोलन करा.

माणसाला दोष देणं सोपं आहे. आपलं काम त्याला उभं करण्याचं आहे.

जय भीम!