रात्रपाळी, डबा आणि दडलेला आजार

पुणे-बेंगळुरू महामार्गालगतच्या शिरोली एमआयडीसीत फौंड्रींच्या भट्ट्या रात्रीही धगधगत असतात. पाळी बदलली की कामगाराच्या झोपेबरोबर जेवणाची वेळही बदलते. डबा न उघडताच परत आला तर दोष दगदगीला दिला जातो. सुटीच्या दिवशी अवाच्या सवा खाल्ले तर भुकेला. बहुतेकदा ते खरेही असते. पण कधी कधी त्याआड आहारविकार दडलेला असतो.

हा श्रीमंतांच्या मुलींचा आजार, हा समज चुकीचा आहे. ‘अ‍ॅनोरेक्सिया’त वजनाच्या धास्तीने अन्न तोडले जाते, ‘बुलिमिया’त भरमसाट खाऊन उलट्या काढल्या जातात. अनावर खाण्याच्या विकाराला अमेरिकी मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये स्वतंत्र आजार मानले. रात्री उठून खाण्याची लक्षणे अल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५५ मध्येच वर्णिली होती. अर्थात, रात्रपाळीत जेवणारा प्रत्येक जण रुग्ण नव्हे. ताबा सुटणे, त्याची लाज वाटणे आणि ते लपवणे, या खऱ्या खुणा होत.

कारण एकच नसते. अ‍ॅनोरेक्सियात आनुवंशिकतेचा वाटा असल्याचे २०१९ च्या मोठ्या जनुकीय अभ्यासाने अधोरेखित केले. समाजाचाही वाटा असतो. फिजीच्या एका प्रांतात १९९५ मध्ये दूरचित्रवाणी आली. १९९८ पर्यंत आहारविकाराकडे झुकलेल्या शाळकरी मुलींचे प्रमाण १२.७ वरून २९.२ टक्क्यांवर गेले. आज ते काम मोबाइलचा पडदा करतो. त्यात ताणतणाव, अपुरी झोप आणि कडक उपासमारीची भर पडते.

तालमींच्या कोल्हापुरात भरपूर खाणे हे पौरुषाचे लक्षण मानले जाते. त्यामुळे पुरुषाला असा आजार होऊ शकतो, ही शंकाच कोणाला येत नाही. धोका मात्र मोठा आहे. भट्टीजवळ घामावाटे पाणी आणि क्षार आधीच घटतात. त्यात वारंवारच्या उलट्यांनी पोटॅशियम घसरले तर हृदयाची लय बिघडू शकते.

कारखान्यांच्या आरोग्य तपासणीत वजन आणि रक्तदाब नोंदवला जातो. झोप आणि जेवण यांविषयीचे दोन प्रश्न त्यात सहज मावतील. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. परत आलेल्या डब्याबद्दल रागावण्याऐवजी घरच्यांनी शांतपणे विचारपूस केली, तरी उपचाराची वाट तिथूनच सुरू होईल.