आमच्या माघारी याचे कोण?



स्वमग्न मुलाच्या आईवडिलांशी बोलत बसले की शाळा, उपचार, खाणेपिणे असे सारे विषय होतात आणि निरोप घेताना, उंबरठ्यावर, एक प्रश्न हळूच विचारला जातो : ‘आम्ही आहोत तोवर ठीक आहे; आमच्या माघारी याचे कोण?’ स्वमग्नतेविषयी म्हणजे ऑटिझमविषयी आपण वाचतो ते बहुधा बालकांविषयी. परंतु स्वमग्नता जन्मभराची असते. ते मूलही पुढे चाळिशी गाठते, साठी ओलांडते.

या संदर्भात अमेरिकेतील डोनाल्ड ट्रिपलेट यांचे आयुष्य जाणून घेण्यासारखे आहे. त्यांचा जन्म 1933 साली मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या लहानशा गावी झाला. मूल कोणात मिसळत नाही, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याला चार वर्षांचे होण्याआधीच एका संस्थेत ठेवण्यात आले. सुमारे वर्षभराने आईवडिलांनी त्याला घरी परत आणले. बाल्टिमोरचे डॉ. लिओ कॅनर यांनी 1943 साली अकरा मुलांविषयी जो सुप्रसिद्ध निबंध लिहिला, त्यातील पहिले मूल म्हणजे हा डोनाल्ड.

पुढे ते महाविद्यालयातून पदवीधर झाले. आजोळच्या मंडळींच्या बँकेत त्यांनी अनेक दशके काम केले. मोटार चालवायला शिकले, नित्यनेमाने गोल्फ खेळले, एकट्याने देशोदेशी हिंडले. आवडत्या माणसाला ते एक क्रमांक देत आणि गावकरी तो कौतुकाने लक्षात ठेवीत. आईवडील 1980च्या दशकात निवर्तले. त्यानंतरही तीस वर्षांहून अधिक काळ ते त्याच गावात, त्याच घरात राहिले आणि 2023 साली, एकोणनव्वदाव्या वर्षी त्यांनी जगाचा निरोप घेतला. घर संपन्न होते, हे खरेच. पण साऱ्या गावाने त्यांना आपले मानले होते, आणि हे धन पैशाने मिळत नाही.

आपल्या घराण्यांतही असे कोणी काका, अशी कोणी आत्या असते. ठरलेल्या वेळी ठरलेल्याच ताटात जेवणारे, लग्नघरातील गोंगाटाने कासावीस होणारे, मोजकेच बोलणारे. त्यांना आपण ‘विक्षिप्त’ म्हणून मोकळे होतो. त्यांच्यातील काहीजण स्वमग्नही असू शकतील. कारण त्यांच्या बालपणी हे निदान करणारेच विरळा होते.

वार्धक्य अशा व्यक्तीला अधिक जड जाते. घर बदलणे, माणूस जाणे, रुग्णालयातील झगझगीत दिवे, रोज नवी परिचारिका, हे सारे सोसवत नाही. कोठे दुखते हे पुष्कळांना नेमके सांगता येत नाही. वागण्यातील बदल हीच त्यांची तक्रार असते, आणि ती ओळखणारी आई तेव्हा नसते.

म्हणून आईने हे ज्ञान आपल्याबरोबर नेऊ नये. एका वहीत लिहून ठेवावे : दिनक्रम, चालणारे पदार्थ, न सोसणारे आवाज, चालू औषधे, दुखले की तो काय करतो. ही वही भावंडांनी, भाचे-पुतण्यांनी आजच वाचावी आणि महिन्यातून काही दिवस त्याच्या सहवासात घालवावेत. ऐन संकटात झालेली ओळख उपयोगी पडत नाही.

कायद्याचाही आधार आहे. 1999च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वये अठरा वर्षांवरील स्वमग्न व्यक्तीसाठी जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमू शकते. न्यासाची ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजनाही आहे. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा स्पष्ट उल्लेख आहे. आईवडील धडधाकट असतानाच ही कागदपत्रे पूर्ण करावीत. मात्र स्वतः त्या व्यक्तीची इच्छा काय, तिला कोणाबरोबर राहणे आवडेल, हे आधी विचारावे. बोलता येत नसेल तरी कोणाजवळ तिला स्वस्थ वाटते, हे पाहणाऱ्याला दिसते.

पुढच्या वेळी उंबरठ्यावर तो प्रश्न कानी आला, तर ‘सारे ठीक होईल’ एवढे म्हणून निघून येऊ नये. ‘ती वही मला दाखवा’ म्हणावे, आणि पुन्हा आत जाऊन बसावे.