विश्लेषण : बाळंतपणानंतर साखर उतरली, तरी सहाव्या आठवड्याची तपासणी कशासाठी?

गरोदरपणात साखर वाढली. पथ्य सांभाळले, कुणाला इन्सुलिनही घ्यावे लागले. बाळ झाले आणि काही दिवसांत साखर खाली आली. ‘सुटलो एकदाचे’ म्हणत सगळे घर बाळाकडे वळते. खरे तर आईच्या पुढच्या तब्येतीचा प्रश्न इथूनच सुरू होतो.

गरोदरपणातला मधुमेह म्हणजे काय?

गर्भाची वाढ होताना वारेतून येणाऱ्या संप्रेरकांमुळे आईच्या शरीरात इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. स्वादुपिंडाने जादा इन्सुलिन तयार केले तर साखर आटोक्यात राहते. ते जमले नाही तर वाढते. प्रसूतीत वार बाहेर पडते आणि बहुतेकींची साखर उतरते. मात्र स्वादुपिंडाची ताकद अपुरी असल्याचे तोवर दिसून आलेले असते. वय आणि वजन वाढले की तीच उणीव पुन्हा डोके वर काढते.

धोका किती मोठा?

‘लॅन्सेट’मध्ये 2009 साली आलेल्या अभ्यास-संकलनानुसार, अशा स्त्रियांना पुढे टाइप 2 मधुमेह होण्याची शक्यता इतरांच्या तुलनेत सातपटीहून अधिक असते. गरोदरपणात रक्तदाब वाढून लघवीतून प्रथिने गेली असतील, म्हणजे प्रीएक्लॅम्पसिया झाला असेल, तर पुढे उच्च रक्तदाब आणि हृदयविकाराचाही धोका वाढतो. ‘आयसीएमआर-इंडियाब’ पाहणीनुसार 2021 मध्ये देशात 10.1 कोटी मधुमेही होते. बारीक अंगकाठी पाहून निश्चिंत होता येत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनातून दिसले की, भारतीय शरीर वरून किरकोळ वाटले तरी त्यात चरबीचे प्रमाण जास्त असू शकते.

तपासणी केव्हा आणि कशी?

केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रत्येक गरोदर स्त्रीची पहिल्या भेटीत आणि पुन्हा 24 ते 28 आठवड्यांदरम्यान तपासणी व्हायला हवी. जेवलेली असो वा उपाशी, तिला 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. साखर 140 किंवा जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह धरला जातो. अशा स्त्रीची प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी पुन्हा ग्लुकोज देऊन तपासणी करायची असते. तेव्हा दोन तासांनंतरची साखर 140 च्या आत असेल तर ठीक, 140 ते 199 म्हणजे मधुमेहाचा उंबरठा आणि 200 पासून पुढे मधुमेह. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए1सी चाचणी या काळात फसवी ठरू शकते, कारण प्रसूतीतील रक्तस्राव आणि रक्तक्षयामुळे आकडा चुकतो.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापुरात गाडी कुठे अडते?

2011 च्या जनगणनेनुसार या तीन शहरांत मिळून नऊ लाखांहून अधिक लोक राहत होते. उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय, अंबरनाथचे छाया रुग्णालय, बदलापूरचे ग्रामीण रुग्णालय आणि असंख्य खासगी प्रसूतिगृहे अशी इथली रचना आहे. नाव एकीकडे नोंदवले आणि प्रसूती दुसरीकडे झाली, तर साखरेची नोंद फाइलमध्येच राहते. पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेलेली मुलगी तीन महिन्यांनी परतते, तोवर सहावा आठवडा उलटून गेलेला असतो. त्यात डिंकाचे लाडू, सुंठीचे लाडू, तुपातला शिरा. बाळंतिणीला सकस खाणे हवेच, पण साखर-गुळाचे प्रमाण तिच्या रिपोर्टकडे पाहून ठरवायला हवे.

उपाय अवघड आहे का?

नाही. बाळाची दीड महिन्याची लस आणि आईची ही तपासणी एकाच आठवड्यात येते. नवजात बाळासाठी आशा सेविकेची शेवटची ठरलेली गृहभेटही 42 व्या दिवशी असते. लसीकरणाच्या दिवशीच आईला ग्लुकोज दिले, तर वेगळी खेप आणि बुडणारा रोज दोन्ही वाचतात. सप्टेंबर 2022 मध्ये राज्याने ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ मोहिमेत 18 वर्षांवरील स्त्रियांची तपासणी केली होती. बाळंतिणींसाठी मात्र एखादी मोहीम पुरत नाही. लसीकरणाच्या टेबलावर आईलाही एक प्रश्न विचारण्याची सवय लागायला हवी : ‘गरोदरपणात साखर किंवा बीपी वाढले होते का?’

घरच्यांनी काय करावे?

माता-बाल संरक्षण कार्ड आणि साखरेचे रिपोर्ट माहेरी जाताना सोबत ठेवा. सहाव्या आठवड्याची तपासणी तिथल्या सरकारी दवाखान्यातही करता येते. त्यानंतर दरवर्षी साखर आणि रक्तदाब तपासा; पुढच्या गरोदरपणाचा विचार करण्याआधी तर नक्कीच. स्तनपान, रोजचे चालणे आणि वजनावर ताबा यांनी धोका कमी होतो. अमेरिकेतील मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या अभ्यासात, गरोदरपणात मधुमेह होऊन गेलेल्या आणि उंबरठ्यावर असलेल्या स्त्रियांमध्ये आहार-व्यायामाने मधुमेहाचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा धाप लागली, तर ‘बाळंतिणीचा अशक्तपणा’ समजून थांबू नका. लगेच रुग्णालय गाठा.