तर्पणातील नावे आणि मुलांचा इतिहास

भाद्रपदाचा वद्य पक्ष हा पितरांचा पक्ष. या दिवसांत घरोघरी तिलोदक दिले जाते आणि गुरुजी सांगतील त्या क्रमाने यजमान नावे उच्चारतो. पिता वसुरूप, पितामह रुद्ररूप, प्रपितामह आदित्यरूप. परंतु पुष्कळ घरी तिसऱ्या नावाशी येताच यजमान अडखळतो. शेजारी बसलेल्या मुलाला तर आजोबांपलीकडे काहीच ठाऊक नसते. गोत्र ठाऊक नसल्यास काश्यप म्हणावे, अशी सोय परंपरेने ठेवली आहे. श्राद्ध अडत नाही. अडते ते मुलांचे शिक्षण.

शाळेत मुले सनावळ्या घोकतात व परीक्षेनंतर विसरतात. त्याच सनांना घरातील माणूस जोडून द्यावा. पणजोबा १९१८ साली गेले असे कळले, तर मूल विचारील, कशाने? मग सांगता येते की, त्या वर्षी इन्फ्लुएंझाच्या साथीने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. कोणाचे घर १८९७ च्या प्लेगात पुणे सोडून गेलेले असते. कोणाच्या आजीने १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेली असते. कोणाचे आजोबा १९८२ च्या संपानंतर गिरणी सोडून कोकणात परतलेले असतात. अशा घरांत इतिहास पाठ करावा लागत नाही.

आमच्याकडे कागद नाहीत, असे कीर्तनानंतर पुष्कळजण सांगतात. आम्ही त्यांस म्हणतो, शोधा. नाशिक-त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेस आलेल्या पूर्वजांची नावे व गावे लिहिलेली आढळतात. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी पिढ्यान् पिढ्यांची नावे सांगत आले. शेतकऱ्याच्या घरी सातबारा व वारसाचे फेरफार असतात. आणि माळ्यावरच्या तांब्यापितळेच्या भांड्यांवर कोरलेली नावे व साल तर आपण घासून घासून पुसत आणली आहेत!

मात्र वंशावळ लिहिताना दोन पथ्ये पाळावीत, असे आमचे आग्रहाचे मत आहे. पहिले स्त्रियांविषयी. तर्पणात माता, पितामही, प्रपितामही यांना स्वतंत्र स्थान आहे. मातामहादिकांचे स्मरण सपत्नीक होते. आत्या, मावशी, बहीण यांनाही पाणी मिळते. असे असता भिंतीवरच्या वंशवृक्षात निव्वळ पुरुषांच्याच फांद्या का असाव्यात? लग्नात नाव बदललेल्या पणजीचे माहेरचे नाव व गाव आज घरातील वृद्धेला विचारले नाही, तर पुढे ते कोणालाच सांगता येणार नाही.

दुसरे पथ्य सत्याचे. कर्जात बुडालेला, घर सोडून गेलेला, तुरुंगात गेलेला पूर्वज वगळण्याकडे आपला कल असतो. कालिदासाने रघूच्या कुळाचे महाकाव्य रचले. परंतु आज उपलब्ध असलेल्या एकोणिसाव्या व शेवटच्या सर्गात विलासात बुडून क्षयाने मेलेला अग्निवर्ण आहे, आणि त्याच्यामागे सिंहासनावर बसणारी गर्भवती राणीही आहे. सूर्यवंशाचे वैगुण्य कवीने झाकले नाही, तर आपण आपले का झाकावे? पूर्वज चुकले आणि तरीही घर उभे राहिले, हे मुलांना कळणे हाही संस्कारच आहे.

यातून कुळाचा पोकळ अभिमान वाढेल, अशी भीती काहींना वाटते. ती अस्थानी नाही. परंतु ज्यांचे कोणी उरले नाही, त्यांच्यासाठीही महालयात धर्मपिंड दिला जातो. तो कोणासाठी, हे मुलांना अवश्य सांगावे. म्हणजे आपल्या वंशाबरोबर परक्याचे ऋणही त्यांना कळेल.

म्हणून यंदा सर्वपित्रीला पाने उचलल्यावर घरातील वडीलधाऱ्यांभोवती मुलांना बसवावे आणि वही त्यांच्याच हाती द्यावी. नाव, गाव, उद्योग, साल आणि एक आठवण, एवढेच लिहून घ्यावे. आठवणारी माणसे आहेत तोवरच हे काम होण्यासारखे आहे.